‘प्रिंटेड रेनबो’ : करड्याची घडण

अद्भुताविषयीची मराठीतील चर्चा बहुधा ‘वास्तवापासून पलायन’ या आक्षेपापाशी येऊन थांबते. वास्तव आधीच सिद्ध असते आणि अद्भुत तेवढे रचलेले असते, हे या आक्षेपामागील गृहीतक होय. गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) हा १५ मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट नेमक्या याच गृहीतकाला छेद देतो.

एकाकी वृद्धा आणि तिचे मांजर ही यातील पात्रे. शहरी सदनिकेतील त्यांचे दैनंदिन जगणे करड्या छटांत येते. आगपेट्यांवरील छापील चित्रांतून वृद्धा ज्या जगांत शिरते ती रंगांनी भरलेली आहेत. वरवर पाहता हे सरळ द्वंद्व वाटते. परंतु निर्मितिप्रक्रिया ध्यानात घेतली की ते तसे उरत नाही. राव यांनी सुमारे तीन वर्षे खपून हा चित्रपट चौकटीमागून चौकट रेखाटत सिद्ध केला. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने, एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी, १५ मिनिटांना १०,८०० चित्रे लागतात. कॅमेऱ्यासमोर आयते उभे राहणारे वास्तव येथे नाहीच. इंद्रधनुष्य जसे काढावे लागते, तशीच करडी भिंतही.

नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील दोलायमानतेत तोदोरोव्ह (१९७०) यांनी अद्भुताचे स्थान पाहिले. सर्वच रेखाटलेले असताना या दोलायमानतेला आधार कशाचा? राव तो रंगांच्या अभावातून निर्माण करतात. येथे वास्तव हा एक रूपबंध ठरतो.

आगकाडीचा हा धागा एमिल कोल यांच्या १९०८ मधील आणि दादासाहेब फाळके यांच्या ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) या प्रयोगांपर्यंत मागे जातो. तेथे वस्तू खरी आणि गती कल्पित होती. राव यांच्याकडे वस्तूची जागा तिच्यावरील छापील प्रतिमेने घेतली आहे. यांत्रिक पुनरुत्पादनात कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३० च्या दशकात मांडले होते. काड्या संपताच फेकून दिले जाणारे हे चित्र येथे पुन्हा हाताने घडवले जाते. छपाईने दूर सारलेला हात त्यात परत येतो.

मर्यादा जाणवते ती याच ठिकाणी. वृद्धेच्या नित्यकर्मांतील पुनरावृत्ती आणि चित्रकर्तीच्या चौकटींतील पुनरावृत्ती यांचे नाते जवळचे आहे. तरीही चित्रपट पहिलीला करडेपणच देतो आणि घरातील श्रम सर्जनाबाहेर ठेवतो. राव यांच्या संयत शैलीचे मोल याने उणावत नाही. मात्र समीक्षेचा प्रश्न बदलतो. वृद्धा कोठे पळाली, हे विचारण्याआधी तिचे घर करडे का रंगवले गेले, हे विचारावे लागते.