इंजिनासाठी आखलेला चढ

बरगंडीत झिव्री नावाचं द्राक्षमळ्यांचं गाव आहे. तिथल्या जुन्या स्टेशनापासून क्लूनीपर्यंत 44 किलोमीटरची एक डांबरी वाट जाते. तिच्यावर मोटार येत नाही. ही वाट 1997 साली खुली झाली. फ्रान्समध्ये ज्यांना 'व्हुआ व्हॅर्त', म्हणजे हरित वाट म्हणतात, त्यांतली ही पहिली. आज तिथे याहून कितीतरी लांब आणि नावाजलेले सायकलमार्ग आहेत. ल्वार नदीच्या सोबतीनं जाणारा सुमारे 900 किलोमीटरचा आहे, जिनिव्हापासून रोनच्या काठानं भूमध्य समुद्राकडे उतरणारा 815 किलोमीटरचा. पण महाकाव्याचं रसग्रहण कुणी एका बैठकीत करत नाही. शिवाय त्या लांब मार्गांवर मधूनमधून साधे रस्ते येतात, गाड्या येतात, आणि ल्वारकाठचे राजवाडे वाटेकडे लक्षच देऊ देत नाहीत. झिव्री ते क्लूनी ही आटोपशीर रचना आहे. तिच्यात काय केलंय ते दिसतं.

पहिली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळते. आजूबाजूला टेकड्या आहेत, द्राक्षमळे उतारांवर चढलेले आहेत, आणि तरी वाट कुठेच अंगावर येत नाही. चढ आहे, पण तो गिअर बदलावा की न बदलावा असा प्रश्न पडण्याइतकाच. मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या लटकवलेला प्रवासीसुद्धा गप्पा मारत चढतो. कारण हा चढ माणसासाठी आखलेलाच नाही. हा जुन्या रेल्वेचा मार्ग आहे, आणि वाफेच्या इंजिनाला शंभर मीटरमागे दोन मीटरचा चढही धाप लावतो. त्या धापेला घाबरून इंजिनिअरांनी टेकडी आली की कापली, खोलगट भाग आला की भराव टाकला, वळण घेतलं तर इतकं लांबट घेतलं की हँडल वळवल्याचं जाणवत नाही. लोखंडाच्या अवजड यंत्राची सोय ती अशक्त सायकलस्वाराचीही सोय ठरली. यात कुणाची कल्पकता नाही, निव्वळ भौतिकशास्त्र आहे. आणि म्हणून मला ते जास्त आवडतं.

या काप-भरावाच्या पाळीतूनच वाटेची लय तयार होते. कापलेल्या भागात शिरलं की दोन्हीकडे ओली माती, काटेरी झुडपं आणि वर आकाशाची पट्टी; दृश्य संपतं, सावली आणि गारवा उरतो. मग भराव येतो आणि एकदम सगळं उघडं होतं: खाली कुरणं, त्यांत शारोले जातीच्या पांढऱ्या गाई, पलीकडे चर्चचा मनोरा. रस्ता जमिनीच्या अंगाखांद्यावरून जातो. रेल्वेमार्ग तिच्या एकदा आत जातो, एकदा वर. झाकणं आणि दाखवणं ही कुठल्याही चांगल्या रचनेची मूळ हालचाल. इथं ती मातीकामाच्या हिशेबातून आपोआप घडली आहे: खोदलेली माती शक्यतो जवळच्या भरावात टाकायची, लांब वाहून न्यायची नाही.

आणि यती? वृत्तात जिथं क्षणभर थांबायचं, ती जागा. लहान रस्ता वाटेला छेदतो तिथं दोन आडव्या दांड्या लावलेल्या असतात. वेग टाकायचा, डावीउजवीकडे पाहायचं, पुढे जायचं. अनेक जागी बाजूला एक लहानसं घर दिसतं. ते फाटकवाल्याचं, खरं तर फाटकवालीचं, कारण रुळांवर राबणाऱ्या गँगमनच्या बायकोकडेच फाटक सोपवण्याची तिथं जुनी पद्धत होती. घरात आता कुणी वेगळंच राहतं, कुंड्यांत जिरेनियम असतं. गाडीसाठी रस्त्यावरच्या लोकांना थांबवणारी ती जागा आता वाटेवरच्या माणसाला थांबवते. अधिकार उलटला, पण थांबा होता तिथंच राहिला.

मला या रचनेतला सगळ्यात तिरकस अर्थ इथंच सापडतो. ग्रामीण फ्रान्समधले कितीतरी रेल्वेमार्ग शार्ल द फ्रेसिने या मंत्र्याच्या योजनेतून आले. 1879 च्या कायद्यात 181 मार्गांची यादी होती. लहानातल्या लहान तालुक्यापर्यंत आगगाडी न्यायची, खेड्याला देशाशी जोडायचं, हा हेतू. त्यातले अनेक मार्ग पुरते कमावते होण्याआधीच बस आणि मोटार आली. 1938 मध्ये मोठ्या रेल्वे कंपन्या मिळून राष्ट्रीय रेल्वे झाली आणि लगोलग हजारो किलोमीटरवरच्या प्रवासी गाड्या बंद पडल्या. पुढच्या दशकांत उरलेल्यांतल्याही बऱ्याच गेल्या. म्हणजे मोटारीनं ज्या रेल्वेचा जीव घेतला, तिच्याच देहावर आज मोटारीला पाय ठेवायची मनाई आहे. 2004 पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमांतच हरित वाटेची व्याख्या आहे: पादचारी, घोडेस्वार आणि बिनइंजिनाची वाहनं, एवढ्यांपुरता राखीव मार्ग. निळ्या चौकोनावर तिघांची पांढरी चित्रं असलेली पाटी तेच सांगते.

म्हणून इथल्या शांततेची स्तुती जपून करावी. ती काही रानातली मूळची शांतता नव्हे. गाडी गेली, तिच्यामागून तरुण माणसं गेली, मग दुकानं मिटली, आणि जे उरलं त्याला प्रवासी 'निवांत' म्हणतो. सँ-जाँगू-ल-नास्योनाल या गावाच्या शेपटीला पूर्वी 'रोयाल' होतं. पुढे राजाला काढून तिथं राष्ट्राला बसवलं. या गावाला बरंच येणं-जाणं पचवायची सवय असावी. सायकलवाले आले तर स्टेशनात कॉफी मिळते, जुन्या गोदामात भाड्यानं सायकली. चांगलंच आहे. पण दुपारी जेवणाच्या वेळेनंतर पोहोचाल तर पावसुद्धा मिळायचा नाही. सामानात काहीतरी ठेवावं.

दोषही आहेत. रेल्वे गावात जात नसे, गावाच्या पायथ्याशी थांबत असे. त्यामुळे वाटेवरून न उतरणारा प्रवासी सगळी गावं फक्त स्टेशनाच्या बाजूनं पाहतो. त्यात काही सरळ तुकडे इतके लांब, आणि दोन्हीकडची झाडी इतकी दाट, की मध्ये अर्धा तास काहीच घडत नाही. ज्यांच्या पायांत ताकद आहे त्यांनी मिशेलिनच्या नकाशावरचे पांढऱ्या रेषेचे रस्ते घ्यावेत. जिल्हा रस्त्यांवरचे पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड, अचानक उभा चढ, माथ्यावरचं रोमानेस्क चर्च, कुत्र्याचं भुंकणं. तिथं मोटारी अजिबात नाहीत असं नाही, पण इतक्या थोड्या की आलेल्या गाडीला हात करावासा वाटतो. ते गद्य जास्त सकस आहे, असं माझं मत. पण लहान मुलांना आणि सत्तरीच्या आजोबांना एकाच वेळी घेऊन जाणं त्याला जमत नाही.

कालव्याकाठच्या वाटांची जात आणखी वेगळी. तिथं इंजिनाच्या जागी नाव ओढणारा घोडा होता. प्येर-पोल रिके यानं 1666 ते 1681 या काळात तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे खोदवलेला 240 किलोमीटरचा मिदी कालवा पाहा. बेझिएच्या अलीकडे त्याचा सुमारे 54 किलोमीटरचा असा टप्पा आहे की ज्यात पाण्याची पातळी बदलणारा एकही दरवाजा नाही. पाणी एकाच उंचीवर ठेवायचं म्हणून कालवा प्रत्येक टेकडीच्या कुशीत शिरून बाहेर येतो. समोर दिसणारं गाव गाठायला भलतीकडे फिरतो. रेल्वेची वाट वृत्तात बांधलेली, तर ही ओवी: हवी तितकी ताणलेली, दम न लागता चाललेली. दरवाजे लागतात तिथं राखणदाराच्या घरावर पाटी असते, आणि तिच्यावर मागच्या नि पुढच्या दरवाजापर्यंतचं अंतर मीटरमध्ये. काठावरची झाडं आपल्या काश्मीरच्या चिनाराची भाऊबंद, एके काळी 42,000 होती. 2006 मध्ये त्यांच्यावर बुरशीचा रोग सापडला आणि तेव्हापासून हजारो तोडावी लागली. वाट मात्र बऱ्याच ठिकाणी अजून कच्ची, मुळांनी उचललेली. छायाचित्रांवर भाळून पातळ टायर घेऊन जाणाऱ्याचं कंबरडं मोडतं.

क्लूनीला परत यायला हवं, कारण वाटेचा उत्तरार्ध तिथून पुढे आहे. 910 साली स्थापन झालेल्या मठाचं तिसरं चर्च 1088 मध्ये बांधायला घेतलं, ते 187 मीटर लांब झालं. रोमचं आजचं सेंट पीटर उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं. क्रांतीनंतर ते दगडाच्या भावानं विकलं गेलं. त्या दगडांतून घोड्यांच्या पैदाशीचे सरकारी तबेले बांधले. उरलं आहे ते एक अष्टकोनी मनोऱ्याचं टोक आणि थोडी बाजू. उखडलेल्या रुळांच्या वाटेवरून सायकलनं येणाऱ्याला हे गाव दुसऱ्या कुणापेक्षा चटकन कळावं.

क्लूनीच्या दक्षिणेला बुआ-क्लेअरची टेकडी आडवी येते. जुन्या गाडीला ती चढवत नव्हती, म्हणून सुमारे 1,600 मीटरचा बोगदा खणला. आता त्यात दिवे आहेत, आणि भर जुलैत स्वेटर घालावा असा गारठा. हिवाळ्यात तो बंद असतो, कारण वटवाघळं तिथं झोपतात; तेव्हा खिंडीवरून, मोटारींच्या सोबतीनं जावं लागतं. याच टेकड्यांवरून 1981 पासून पॅरिस-लिआँ वेगवान गाडी धावते. ती शंभराला साडेतीन मीटर चढते, म्हणून त्या अख्ख्या नव्या मार्गावर एकही बोगदा खणावा लागला नाही. इतका चढ चढू शकणाऱ्या गाडीसाठी आखलेला हा मार्ग उद्या बंद पडला, तरी सामान लादलेल्या सायकलवाल्याला तो फारसा मानवणार नाही.