महाचोर कोणास म्हणावे?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील उपासक-उपासिकांच्या अभ्यासवर्गासाठी गेल्या वर्षावासात आम्ही त्या भागात गेलो होतो. वर्ग संपल्यावर घोडेगावकडील एका वयस्क उपासकांनी आमच्या हाती एक लहानशी पुस्तिका ठेवली. तीत कोणा एका गुरूंची वचने छापली होती. ही वचने ध्यानावस्थेत वरून उतरली, आपण केवळ लेखणी धरली, असे प्रस्तावनेत म्हटले होते. पाने चाळताच आमच्या ध्यानात आले की, यांतील बरीचशी वचने धम्मपदाच्या मराठी अनुवादांतून जशीच्या तशी उचललेली आहेत. आम्ही तसे सांगितले. तेव्हा ते उपासक शांतपणे म्हणाले, "वचने चांगली आहेत ना, सर? मग ती कोणाची का असेनात."

या प्रश्नाचे नीट उत्तर आम्हांस तेथल्या तेथे देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

उत्तर विनयपिटकात आहे. चौथ्या पाराजिकेची निदानकथा वाचकांस ठाऊक असेल. वज्जी देशात दुष्काळ पडला होता. वग्गुमुदा नदीच्या काठी वर्षावास करणाऱ्या भिक्खूंनी भिक्षा सुलभ व्हावी म्हणून एक युक्ती काढली. अमुक भिक्खूस अमुक ध्यान प्राप्त झाले आहे, तमुकास अभिज्ञा प्राप्त झाल्या आहेत, अशी ते गृहस्थांपुढे एकमेकांची स्तुती करू लागले. लोकांनी स्वतःच्या आणि मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून त्यांस दिला. वर्षावास संपल्यावर इतर भिक्खू वेसालीस आले ते कृश होऊन, हे मात्र पुष्ट होऊन. तथागतांनी विचारपूस केली, सत्य बाहेर आले, आणि त्या प्रसंगी त्यांनी जगातील पाच महाचोर सांगितले.

शेकडो अनुयायांचा गोतावळा जमवून मानपान मिळवू पाहणारा, निर्दोष ब्रह्मचाऱ्यावर खोटा आळ घेणारा आणि संघाची जड मालमत्ता वाटून गृहस्थांना आपलेसे करणारा, हे त्यांपैकी तीन. उरलेले दोन आमच्या विषयाचे आहेत. तथागतांनी सांगितलेला धम्म शिकून तो आपलाच म्हणून मिरविणारा हा दुसरा महाचोर. अंगी नसलेला उत्तरिमनुस्सधम्म, म्हणजे मानवी मर्यादेपलीकडची सिद्धी, आपणांत असल्याचे सांगणारा हा पाचवा, आणि तोच सर्वांत मोठा. कारण त्याने राष्ट्राचे अन्न चोरून खाल्ले आहे. वाङ्मयचौर्य आणि साक्षात्काराचा खोटा दावा हे आज आपण दोन वेगळे दोष मानतो. विनयाने त्यांना एकाच यादीत बसविले आहे. इतकेच नव्हे, सिद्धी खरोखर प्राप्त झाली असली तरी ती अनुपसंपन्नास सांगणे हा विनयात पाचित्तिय दोष आहे.

हे दोन दोष एकत्र का येतात, याचे उत्तम उदाहरण आपल्याच मुंबईतील आहे, आणि ते बुद्धाच्या नावाशी जोडलेले असल्यामुळे आपण ते जाणून घेतलेच पाहिजे. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी 1879 मध्ये मुंबईस उतरले. 1882 च्या अखेरीस अड्यार येथे जाईपर्यंत थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्य ठाणे मुंबईतच होते. 25 मे 1880 रोजी श्रीलंकेत गाले येथे दोघांनी जाहीरपणे पंचशील ग्रहण केले. ऑल्कॉट यांनी पुढे तेथील बौद्ध शाळांसाठी केलेले कार्य मोठे आहे. त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण ब्लाव्हाट्स्कीबाईंचा मुख्य दावा वेगळा होता. हिमालयापलीकडे राहणारे महात्मे आपणांस गुप्त ज्ञान देतात आणि त्यांची पत्रे अलौकिक रीतीने कागदावर उमटतात, असे त्या सांगत.

या महात्म्यांपैकी कूट हूमी यांची पत्रे अलाहाबादच्या 'पायोनियर'चे संपादक ए. पी. सिनेट यांस येऊ लागली. 1881 साली सिनेट यांनी त्यांतील उतारे 'दि ऑकल्ट वर्ल्ड' या ग्रंथात छापले. 1 सप्टेंबर 1883 च्या 'लाइट' या लंडनच्या नियतकालिकात हेन्री किडल या अमेरिकन गृहस्थांचे पत्र आले. कूट हूमींच्या पत्रातील एक मोठा उतारा आपल्याच भाषणातील आहे, असे त्यांनी दाखवून दिले. ते भाषण त्यांनी ऑगस्ट 1880 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लेक प्लेझंट येथे दिले होते आणि ते छापूनही आले होते. विचारच जगाला वळण देतात, नवे विचार आले की जुने पंथ ढासळतात, असा त्याचा आशय होता.

यावर महात्म्यांचे जे स्पष्टीकरण आले ते मुळातून वाचण्याजोगे आहे. अठ्ठेचाळीस तास घोड्यावर बसून आपण थकलो होतो. अर्धवट झोपेत एका तरुण चेल्यास मनोमन मजकूर सांगितला. त्या अमेरिकन भाषणाकडे आपले लक्ष गेले होते, त्यातील वाक्ये मनात होती. चेल्याने जे स्पष्ट उमटले तेवढेच घेतले, बाकीचे गळले! ज्यास हिमालयातून अमेरिकेतील सभा ऐकू येते, त्यास आपल्या चेल्याचा कागद तपासता येऊ नये, याचे आम्हांस नवल वाटते.

पण खरी मेख पुढे आहे. किडल मृतात्म्यांशी संवाद साधणाऱ्या पंथाचे होते आणि त्यांचे भाषण त्या पंथाच्या बाजूचे होते. महात्म्यांच्या पत्रात मात्र तीच वाक्ये त्या पंथाच्या विरुद्ध वळविली होती. वाक्ये घेतली, कर्त्याचे नाव गाळले आणि अर्थ उलटा केला. कर्ता अदृश्य झाला की त्याच्या शब्दांचे काहीही करता येते.

ब्लाव्हाट्स्कीबाईंवर इतरही आरोप झाले. त्यांच्या 'आयसिस अनव्हेल्ड' (1877) या ग्रंथात श्रेय न देता घेतलेले सुमारे दोन हजार उतारे आहेत, असे विल्यम एमेट कोलमन यांनी म्हटले; परंतु सर्व पुरावा मांडणारा जो ग्रंथ त्यांनी योजिला होता तो निघालाच नाही. हॉजसन यांच्या 1885 च्या अहवालातील हस्ताक्षरविषयक निष्कर्षांवर व्हर्नन हॅरिसन यांनी 1986 साली कठोर आक्षेप घेतले. म्हणून त्या अहवालावर आम्ही काहीच उभारीत नाही. किडल प्रकरणास हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. दोन मजकूर शेजारी ठेवले की पुरे.

दुःख याचे की, याच पत्रांच्या आधारे सिनेट यांनी 1883 साली 'एसोटेरिक बुद्धिझम' लिहिले आणि पाश्चात्त्य वाचकांपैकी अनेकांनी त्यालाच बुद्धाचा धम्म मानले. 'गूढ बौद्धमत' हा शब्दप्रयोगच वदतोव्याघात आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदास सांगतात की, आपल्यापाशी आचरियमुट्ठि, म्हणजे गुरूची झाकली मूठ, नाही. त्याच सुत्तात चार महापदेस आहेत. "मी हे प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले" असे कोणी म्हटले तरी त्याचे स्वागतही करू नये, धिक्कारही करू नये. ते शब्द सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत. उगम सांगितलेला नसेल तर ताडून पाहणार कशाशी?

येथे एक उलट प्रश्न हटकून विचारला जातो. परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तरी तळटीपा कोठे आहेत? प्रश्न रास्त आहे, तो टाळू नये. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या मूळ इंग्रजी ग्रंथात संदर्भ दिलेले नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना ते परिश्रमाने शोधले. परंतु एप्रिल 1956 मध्ये लिहिलेल्या आणि प्रथमावृत्तीत न आलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपण मौलिकतेचा दावा करीत नाही, सामग्री अनेक ग्रंथांतून जमविली आहे, असे स्वच्छ लिहिले आहे. अश्वघोषाचे ऋण तर त्यांनी नाव घेऊन मान्य केले. काही प्रसंगी त्याची भाषाही घेतल्याचे सांगितले. स्वतःकडे घेतली ती केवळ विषयांच्या मांडणीची जबाबदारी. एवढ्या विद्वत्तेच्या पुरुषाने हे लिहावे आणि आमच्या विद्यापीठांतील काहींनी दुसऱ्याच्या अनुवादावर स्वतःचे नाव घालून पदव्या मिळवाव्यात! असो.

पुढच्या महिन्यात आम्ही त्याच उपासकांना घेऊन लेण्याद्रीवर गेलो. सहाव्या लेण्याच्या चैत्यगृहावरील ब्राह्मी लेख त्यांना अक्षर अक्षर लावून दाखविला: कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त, त्याचे हे चैत्यगृह, देयधम्म. दात्याचे नाव, पित्याचे नाव, गाव आणि दान. मानमोडीवर नहपानाचा अमात्य अयम याने 46 व्या वर्षी दिलेल्या मंडपाचा व पाण्याच्या टाक्याचा लेख आहे. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिल्याची नोंद आहे. परदेशी वंशाचा माणूस, पण त्याचेही नाव कोणी खोडले नाही. शेजारचे सातवे लेणे मूळचे विहार. तेथे आज गिरिजात्मजाची मूर्ती आहे आणि ती स्वयंभू मानली जाते. स्वयंभू म्हटले की कर्ता कोण, हा प्रश्नच उरत नाही. भाविकांच्या श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. पण ज्यांनी तो कातळ खोदविला व खोदला, त्यांच्याविषयी कोणी विचारावे की नाही?

पायऱ्या उतरताना उपासकांनी ती पुस्तिका परत मागून घेतली. दिवाळीनंतर ती टपालाने आमच्याकडे आली. धम्मपद शेजारी ठेवून त्यांनी प्रत्येक वचनापुढे समासात पेन्सिलीने गाथेचा क्रमांक लिहिला होता. 160 व्या गाथेपाशी दोन रेघा होत्या. माणूस स्वतःच स्वतःचा स्वामी आहे, असे सांगणाऱ्या त्या गाथेत "स्वतः"च्या जागी पुस्तिकेत "सद्गुरू" असा शब्द घातला होता. समासात त्यांनी एवढेच लिहिले होते: "सर, हे आमच्या लक्षात आले नव्हते."