सड्यावर 'काही नाही'? विजयदुर्ग ते रेडी सायकल रूटबद्दल एक तक्रार

मी फील्डवर्कला सायकल नेते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'मग रूट पाठव ना!' पाठवायला हरकत काहीच नाही. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण, तारकर्ली, मग परुळे-म्हापणवरून वेंगुर्ला, शिरोडा आणि रेडी. सागरी महामार्ग आणि त्याला लागून असलेले गावरस्ते धरून सिंधुदुर्गाची किनारपट्टी उत्तरेकडून दक्षिणेकडे पार करणारा हा रूट आता बराच लोकप्रिय आहे. त्याची फाइल सहज मिळते, सोबत वर्णनही मिळतं. माझी तक्रार त्या वर्णनाबद्दल आहे.

आधी जे चांगलं आहे ते सांगते. या रूटची निवड उत्तम आहे. दोन-तीन दिवसांत तुम्ही तीन-चार शतकांमधून सायकल चालवता. विजयदुर्ग आहे. मालवणसमोर कुरटे बेटावर 1664 मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आहे. वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीचे अवशेष आहेत. शिरोड्याची मिठागरं आहेत, जिथे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. एवढा इतिहास इतक्या कमी अंतरात आणि तोही समुद्राच्या सोबतीनं फार कमी ठिकाणी मिळतो. शिवाय मुंबई-गोवा महामार्गावरचे ट्रक इथे नाहीत.

आता तक्रार. वर्णनं लिहिणारे वेगवेगळे, पण साचा एकच. किल्ला, मग बीच, मग मंदिर, मग बीच, मग मासळीची थाळी. आणि या 'पॉइंट्स'च्या मधल्या भागासाठी एक ठरलेलं वाक्य: 'इथे चढ आहे, सावली नाही, पाणी भरून घ्या, बघण्यासारखं काही नाही.'

हा मधला भाग म्हणजे सडा. माझा पीएचडीचा विषय म्हणजे सड्यावरची पावसाळी डबकी. त्यामुळे मी पूर्ण नि:पक्षपाती आहे असा दावा करत नाही. पण मुद्दा फक्त माझ्या लाडक्या डबक्यांचा नाही.

आधी चढाचं गणित बघू. 'कोस्टल रूट' म्हटलं की माणूस सपाट रस्ता धरून चालतो आणि पहिल्याच दिवशी मांड्या भरून येतात. कारण सिंधुदुर्गचा किनारा ही सरळ पट्टी नाही. जांभ्याची पठारं समुद्रापर्यंत आलेली आहेत आणि वाघोटण, आचरा, गड, कर्ली अशा नद्यांच्या खाड्यांनी ती कापलेली आहेत. प्रत्येक खाडीला खाली उतरायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा वर चढायचं. फाइलमधला चढ-उताराचा आलेख उघडा. तो करवतीच्या दात्यांसारखा दिसेल. प्रत्येक दात म्हणजे एक सडा आणि प्रत्येक खाच म्हणजे एक खाडी. म्हणजे या भागाच्या भूगोलाचं सगळ्यात प्रामाणिक चित्र फाइलमध्येच आहे. वर्णन मात्र ते 'दमवणारा भाग' म्हणून निकालात काढतं.

त्या आलेखावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बरीच ॲप्स उंचीचे आकडे उपग्रह किंवा अंतराळयानातून मोजलेल्या नकाशांवरून घेतात. त्यातला एक प्रसिद्ध नकाशा फेब्रुवारी 2000 मध्ये एका अवकाश शटलनं अकरा दिवसांत रडारनं मोजला. त्याचा एक चौकोन सुमारे 30 मीटरचा आणि त्या चौकोनाला उंचीचा एकच आकडा. खाडीकाठच्या कड्यालगत अरुंद रस्ता असेल तर चौकोनात कडाही येतो आणि रस्ताही, मग आकडा नक्की कुणाचा? पुलावर उलटी गंमत होते. तुम्ही पुलावरून सरळ जाता, ॲप मात्र तुम्हाला खालच्या पाण्यापर्यंत उतरवून परत वर आणतं. आणि आलेख गुळगुळीत करताना खरे छोटे चढ पुसले जातात. त्यामुळे 'एकूण चढ इतके मीटर, दर्जा सोपा' हे वाक्य वाचलं की मी सरळ पुढे जाते.

पण खरा प्रश्न 'बघण्यासारखं काही नाही' हा आहे.

गेल्या सप्टेंबरात आचऱ्याच्या अलीकडे एका चढावर मी सायकल हातात धरून चालत होते. गुरं घेऊन निघालेले एक आजोबा थांबले. 'खंय चललंस गो?' म्हटलं, सड्यावर. 'थंय काय आसा?' असं म्हणून हसले. मग मी डबक्यांचं सांगितलं तर एकदम गंभीर झाले. म्हणाले, 'पावसाचा पाणी थंयच जिरता. मगे आमच्या बावीक गावता.'

माझ्या प्रबंधातलं अख्खं एक प्रकरण त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. उष्ण आणि ओल्या हवेत मूळ खडकातली सिलिका हळूहळू धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, त्याचा जांभा होतो. वरचा कातळ कठीण, पण आत भोकं, भेगा, पोकळ्या. पावसाचं पाणी त्यातून खाली जातं आणि खालच्या चिकण शेडी मातीवर अडतं. मग सड्याच्या पायथ्याशी झरे फुटतात. विहिरी, वाड्या, माडा-पोफळीच्या बागा बऱ्याचदा याच पायथ्याला का, याचं उत्तर वर आहे, जिथे 'काही नाही'. मार्च-एप्रिलमध्ये काळा, तापलेला, उजाड दिसणारा हाच कातळ ऑगस्टमध्ये निळ्या सीतेच्या आसवांनी भरतो. बोटभर उंचीची, किडे पकडून खाणारी ही झाडं. त्यांचा अख्खा जन्म पावसाळ्यात उरकतो. रूटची वर्णनं मात्र सगळी डिसेंबरातली. ज्या महिन्यात फुलं नसतात त्या महिन्यात येऊन 'इथे काही नाही' म्हणणं म्हणजे मध्यांतरात थिएटरात शिरून 'पडद्यावर काहीच नाही' म्हणण्यासारखं आहे.

आणि इतिहास? मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला, त्यात कुडोपी आहे. इथल्या कुठल्याही किल्ल्यापेक्षा ती कितीतरी जुनी आहेत. म्हणजे 'ऐतिहासिक रूट' म्हणवणारं वर्णन इतिहासाचा सगळ्यात जुना थर 'पाणी भरून घ्या' म्हणून ओलांडतं.

तुम्ही म्हणाल, सायकलवाल्यांनी दोन ओळी कमी लिहिल्या तर काय बिघडलं? बिघडतं, कारण 'इथे काही नाही' हे वाक्य ते एकटेच बोलत नाहीत. सरकारी दफ्तरात असे कातळ वर्षानुवर्षं पडीक, खराबा म्हणून नोंदले गेले. जिथे काही नाही तिथे काहीही करता येतं. चिपीचा विमानतळ सड्यावर आहे, 2021 मध्ये तो सुरू झाला. शेजारच्या राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर एप्रिल 2023 मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. बारसूची कातळशिल्पंही त्याच युनेस्कोच्या यादीत आहेत. विमानतळ नको, चिरेखाणी नकोत, हापूसच्या बागा नकोत असं मी म्हणत नाही. माझं स्वतःचं घर चिऱ्याचं आहे. पण तोलताना एका पारड्यात प्रकल्प आणि दुसऱ्यात 'काही नाही' असेल तर काटा कुठे झुकणार हे सांगायला पीएचडी लागत नाही.

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्याचा सायकल मार्ग आठवतो. मी तो चालवलेला नाही, नकाशावरच पाहिला आहे. जिरोंद नदीच्या रुंद मुखापाशी तो मार्ग रोयाँहून फेरीबोटीनं पलीकडे जातो. पाणी ओलांडणं हा तिथे अडथळा नसून मार्गाचाच एक भाग आहे. आपल्याकडे देवबागच्या टोकावरून समोर भोगवे दिसतं, मध्ये फक्त कर्लीचं मुख. रस्त्यानं जायचं तर मागे फिरून बराच मोठा वळसा. त्या वळशात खाडी आहे, पूल आहे, सडा आहे. वर्णनात मात्र फक्त 'परत फिरा' एवढंच.

मग काय, सड्यांचे पॉइंट्स टाकून नवी फाइल बनवायची? इथे मी माझ्याच विरोधात बोलते. नको. कातळशिल्पांवरून एक टायर गेला तरी नुकसान होतं, आणि डबक्यातली माती पावलाखाली दाबली गेली की पुढच्या वर्षीचं बी त्यातच गाडलं जातं. म्हणून मी माझ्या अभ्यासाच्या जागांची फाइल कुणालाच देत नाही. मला हवाय तो बदल जागांचा नाही, वाक्याचा. रस्ता तोच राहू दे. फक्त चढ संपतो तिथे वर्णनात एवढं लिहा: 'तुम्ही आता सड्यावर आहात. खालच्या गावांच्या विहिरींचं पाणी इथून येतं. पावसाळ्यात आलात तर रस्त्याच्या कडेला थांबून खाली बघा. कातळावर सायकल घालू नका.'

चार वाक्यं. मासळीच्या थाळीला यापेक्षा जास्त जागा मिळते.

आणि हो, पाणी भरून घ्याच. फक्त ते कुठून आलं तेही लक्षात असू द्या.