तळघरातले न्यायालय

फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘एम्’ (१९३१) हा पहिलाच बोलपट. बर्लिन शहरात लहान मुलींचे खून होत आहेत. एल्सीची आई जिन्यात उभी राहून हाका मारते, टेबलावरची बशी रिकामीच, आणि झुडपातून एक चेंडू घरंगळत येतो. खून म्हणून आपल्याला दिसतो तो एवढाच. कोणाही आईबापाला ‘ठेचा त्याला’ असे वाटले तर नवल नाही.

शहरालाही तेच वाटते. एका पोरीने वेळ विचारली म्हणून थांबलेल्या निरुपद्रवी म्हाताऱ्यावर गर्दी धावून जाते.

इकडे पोलिसांच्या धाडींनी चोरांचा धंदा बसतो. मग चोरच भिकाऱ्यांना गल्ल्या वाटून देतात आणि पोलिसांच्या आधी खुन्याला गाठतात. फुगे विकणारा आंधळा त्याला ओळखतो तो त्याच्या शिट्टीवरून. एक पोरगा तळहातावर खडूने ‘एम्’, म्हणजे जर्मनमधल्या ‘खुनी’ या शब्दाचे पहिले अक्षर, काढून ते त्याच्या कोटावर उमटवतो. ही शिकार इतकी रंगते, की आपण चोरांच्या बाजूचे केव्हा झालो ते कळत नाही.

नंतर बंद पडलेल्या दारूभट्टीत खटला भरतो. अध्यक्ष कोण, तर तीन खुनांसाठी पोलिसांना हवा असलेला तिजोरीफोड्या! आरोपीला वकीलही दिलेला आहे. सारी थट्टाच, पण तो गृहस्थ काम मनापासून करतो आणि त्या तीन खुनांची आठवण अध्यक्षांना तोंडावर देतो. पीटर लॉरचा खुनी किंचाळून सांगतो, की माझ्या आतला कोणीतरी मला सोडत नाही. मला त्याची दया आली नाही. लांगचाही तसा आग्रह दिसत नाही. गर्दीतली एक बाई आयांची व्यथा बोलते, ती व्यथा खरीच. परंतु त्याच व्यथेच्या आडोशाने तिजोरीफोड्या आपला धंदा मोकळा करून घेऊ पाहतो, हे लांगने अचूक टिपले आहे.

(पटकथेत लांगच्या जोडीला त्याची तेव्हाची पत्नी थेआ फॉन हार्बू होती. हिने पुढे आपल्याकडच्या आयी तेंडुलकरांशी लग्न केले. असो.)

शेवटी आईच्या तोंडी मुलांना जपण्याचा जो उपदेश घातला आहे, तो मला उपरा वाटला. त्याआधीचे दृश्य मात्र पक्के. पोलीस येतात, तळघरातले सगळे हात वर जातात, खुन्याच्या खांद्यावर कायद्याचा हात पडतो. मग खरे न्यायाधीश आसनांवर बसतात. निकाल आपल्या कानी पडत नाही.