दोष ताटाचाच?

खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडला, की पहिला संशय ताटावर! 2010 च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलपटू अल्बर्टो कोंटाडोरच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल निघालं. तो म्हणाला, मांसातून आलं. क्रीडा लवादाला ते पटलं नाही. 2012 मध्ये विजेतेपद गेलं. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला आपला नरसिंग यादव 2016 मध्ये म्हणाला, जेवणात कुणीतरी मिसळलं. रिओतल्या कुस्तीच्या आदल्याच दिवशी चार वर्षांची बंदी. सीबीआयनेही तपास हाती घेतला, तो जेवणात कुणी मिसळलं याचाच.

घात झालाही असेल. पण बायांनो, जन्मभर आपण ताटं वाढतो. पोट बिघडलं तरी आधी आपल्यालाच विचारतात, काय घातलं होतंस? खेळाडूभोवती डॉक्टर असतात, प्रशिक्षक असतात, पावडरी-गोळ्या विकणारे असतात. त्यांना कोण विचारतं?