‘डिक्सीलँड’ : संज्ञा आणि उगम

जाझ संगीताच्या एका आद्य शैलीस ‘डिक्सीलँड’ म्हणतात. ‘डिक्सी’ हे अमेरिकेतील दक्षिणेकडील राज्यांचे लौकिक नाव. त्याच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद असले, तरी शैलीस ते कसे चिकटले हे स्पष्ट आहे. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीने ‘ओरिजिनल डिक्सीलँड जास बँड’ ह्या पाच गौरवर्णीय वादकांच्या संचाचे ध्वनिमुद्रण केले. जाझची ही पहिली प्रकाशित ध्वनिमुद्रिका मानली जाते; तिच्या खपाबरोबर नावही पसरले.

परंतु संज्ञेचा प्रसार म्हणजे शैलीचा जन्म नव्हे. न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय व क्रिओल वादकांत ही रीत आधीच रुजली होती. तेथील कॉर्नेटवादक बडी बोल्डन ह्याची कारकीर्द १९०७ पूर्वीच संपली. त्याचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. किंग ऑलिव्हरच्या संचाचे वादन मुद्रित झाले ते १९२३ साली. मुद्रणाचा क्रम हाच उत्पत्तीचा क्रम मानल्यास इतिहास उलटा होतो.

शैलीचे मर्म नावात नसून रचनेत आहे. कॉर्नेट मुख्य चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्यावर नक्षी काढतो, ट्रॉम्बोन खालून आधार देतो. आणि हे तिघे एकाच वेळी उत्स्फूर्तपणे वाजवितात. आपल्या कलगी-तुऱ्यात एक पक्ष थांबल्यावर दुसरा उत्तर देतो. येथे सवाल आणि जवाब एकाच क्षणी ऐकू येतात.

नाव आणि उगम ह्यांतील हा भेद मुंबईच्या संगीतालाही लागू पडतो. १९३५ साली लिऑन ॲबी ह्याचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात आला. पुढे क्रिकेट स्मिथही तेथे वाजवू लागला. त्याच काळात पुढे आलेल्या गोमंतकीय वादकांपैकी हळदोण्याचा आंतोनियु झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, ह्याने लुई आर्मस्ट्राँगचा आदर्श ठेवला, आणि तो सी. रामचंद्र ह्यांचा साहाय्यक झाला. ‘अलबेला’ (१९५१) ह्या चित्रपटाचे संगीत रामचंद्रांच्या नावे आहे, आणि ते रास्तच होय. तथापि त्यातील वाद्यमेळाचा वंशवृक्ष त्या एका नावात सामावत नाही.

गुलामगिरीच्या स्मृतीमुळे आज अनेक वादक ‘डिक्सीलँड’ हा शब्द टाळून ‘न्यू ऑर्लिन्स जाझ’ म्हणतात. हा बदल उचित आहे. पण समीक्षेचे काम तेवढ्याने संपत नाही. तबकडीवरील नाव हा प्रकाशनाचा पुरावा होय; उगमाचा शोध वादनाच्या परंपरेतच घ्यावा लागतो.