‘बहुस्तर’ : एका समासाची चिकित्सा

गेरो डेखर यांचा १९९७ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला लेख बहुवारिकांच्या थररचनेच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. ‘फझी नॅनोअसेंब्लीज : टुवर्ड लेयर्ड पॉलिमेरिक मल्टिकॉम्पोझिट्स’ हे त्याचे शीर्षक. यात दोन विशेषणे परस्परांशी भांडत आहेत : ‘फझी’, म्हणजे कडा धूसर असलेले, आणि ‘लेयर्ड’, म्हणजे थरांचे. पुढील वाङ्मयाने दुसरे उचलले व पहिले जवळजवळ टाकून दिले. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या निवडीवर आहे.

कृती सोपी आहे. इम्प्लांटचा पृष्ठभाग धनभारित बहुवारिकाच्या द्रावणात बुडवावयाचा, धुवावयाचा, मग ऋणभारित बहुवारिकात बुडवावयाचा, आणि हा क्रम हवा तितक्या वेळा चालवावयाचा. या कृतीला ‘लेयर-बाय-लेयर’ म्हणतात व ते यथार्थ आहे, कारण तो शब्दप्रयोग क्रियाविशेषण आहे. मात्र निष्पन्न वस्तूस ‘मल्टिलेयर’ म्हटले की कृतीचा तपशील वस्तूचा गुणधर्म बनतो. मराठीत हा घोटाळा अधिक उघडा पडतो. ‘थरावर थर’ म्हणताना आपण काय केले ते सांगतो. ‘बहुस्तर’ हा बहुव्रीही आहे, आणि बहु आहेत स्तर ज्याचे, असा त्याचा विग्रह केला की ते स्तर वस्तूत वेगवेगळे नांदतात असे विधान आपण नकळत करून बसतो.

वस्तुस्थिती काय आहे? शेजारच्या थरांतील साखळ्या एकमेकींत शिरतात, हे डेखर यांना ठाऊक होतेच; ‘फझी’ हा शब्द त्याचीच कबुली होय. पॉलिलायसिन व हायलुरॉनिक आम्ल यांच्या पटलात तर त्याहून पुढची गोष्ट घडते. कॅथरिन पिकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले की, पॉलिलायसिन प्रत्येक फेरीत पटलाच्या संपूर्ण जाडीत शिरते व बाहेरही येते. अशा पटलात सातवा थर कोणता, हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. प्रथम जंतुनाशक सुटावे व नंतर हाड वाढविणारे प्रथिन, अशी अपेक्षा धरून कोणी खाली एक व वर दुसरे द्रव्य ठेवले, तर ती अपेक्षा बव्हंशी ‘स्तर’ या शब्दावर उभी असते. पॉला हॅमंड यांच्या गटाने २००६ साली हेपॅरिन व डेक्स्ट्रान सल्फेट ही नमुनाद्रव्ये घेऊन हे तपासले. दोन्ही द्रव्ये आपापल्या जागी न राहता मिसळली व एकदमच सुटू लागली. आयनिक आकर्षणावर उभे असलेले पुष्कळ थर मध्ये घालूनही मिसळ थांबली नाही. थांबली ती सहसंयुज बंधांनी जखडलेल्या अडसरामुळे.

येथे दुसरी संज्ञा आडवी येते. ‘क्रॉसलिंक’ला आपण आडबंध म्हणू. कार्बोडायइमाइडच्या साहाय्याने अमाइन व कार्बॉक्सिल गट जोडले म्हणजे अमाइड बंध तयार होतो. मऊ पटल ताठर बनते व पेशी त्यावर पाय रोवू शकतात. परंतु आयनिक आकर्षणालाही आडबंधच म्हणण्याची सवय या वाङ्मयात आहे. ज्या भेदावर अडसराचे यशापयश अवलंबून आहे तोच भेद एका नावाखाली झाकला जावा, हे शास्त्रीय परिभाषेस शोभणारे नाही. नुसते ‘आडबंधित बहुस्तर’ लिहिणाऱ्याने वाचकास जवळजवळ काहीच सांगितलेले नसते.

आपल्या रंगाऱ्यांची भाषा याबाबत अधिक नेमकी आहे. ते भिंतीला चुन्याचे तीन ‘हात’ देतात. तो शब्द कृतीची मोजदाद करतो; वाळलेल्या भिंतीत तीन थर सापडतील असे आश्वासन देत नाही. प्रबंधात ‘हात’ लिहा असा आग्रह नाही, ‘पुट’ चालेल. पटलाचे वर्णन करताना पुटे किती चढविली हा आकडा एका जागी, आणि मापनाने वेगळे ओळखता आलेले थर किती हा दुसऱ्या जागी द्यावा. दुसरा आकडा पुष्कळदा एक असेल.